डावीकडून पाचवी करवंटी

सोनगीरच्या हायवेवर ज्यांचे ट्रक थांबतात त्यांना धम्मपाल बैसाणे हे नाव कदाचित ओळखता येणार नाही, पण पेंटर आबा म्हटलं की कुणीही गॅरेजकडे बोट दाखवेल. अडतीस वर्षं आबांनी ट्रकांच्या पाठी रंगवल्या. अक्षर असं वळणदार, की नुसता नंबर टाकून घ्यायला आलेला ड्रायव्हर जाता जाता पोराबाळांची नावंही लिहून घ्यायचा. चौदा एप्रिल जवळ आला की वस्तीतल्या कमानीला निळा रंग आबांनीच द्यायचा, दुसऱ्या कुणी ब्रश धरलेला लोकांना खपायचा नाही.

अशा माणसाला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नव्हता, हे कुणी सांगितलं तर ऐकणारा सांगणाऱ्यालाच वेड्यात काढील. पण ते खरं होतं, आणि ते आबांखेरीज एकट्या त्यांच्या बायकोला, नर्मदाबाईंना, ठाऊक होतं. लग्नानंतर महिनाभरात नवऱ्याने रंगवलेला लालबुंद पोपट त्यांनी पाहिला आणि ब्रसुद्धा काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून भाकरी घेऊन गॅरेजवर आल्या की त्या तिथेच एका पालथ्या डब्यावर बसून राहू लागल्या. रंग कालवायचे, सहा करवंट्यांत ओतायचे आणि डावीकडून रांगेत मांडायचे: पांढरा, पिवळा, निळा, लाल, हिरवा, शेवटी काळा. रांग कधी मोडली नाही. आबांचा ब्रश रंग बघून नाही, जागा बघून जायचा. याबद्दल नवराबायकोत एकदाही बोलणं झालं नाही आणि त्यावाचून काही अडलंही नाही.

गेल्या वर्षी नर्मदाबाई गेल्या. महिन्याभराने चिंधा ड्रायव्हर ट्रक घेऊन आला. आबांनी डब्यांवरची नावं वाचून करवंट्या स्वतःच मांडल्या, पण ट्रकच्या दुसऱ्या बाजूला नेताना त्यांची अदलाबदल झाली, आणि आंब्याच्या पानांचं अख्खं तोरण लालभडक झालं. लाल पानं, नवी फॅशन दिसते, म्हणून चिंधा हसला आणि घाईत तसाच निघून गेला. आबांनी त्या दिवशी ब्रशांची पेटी बंद केली ती बंदच. विचारणाऱ्याला गुडघे दुखतात म्हणून सांगायचे. खरी भीती एवढीच होती की पुन्हा चूक झाली तर अडतीस वर्षांच्या नावाची टिंगल होईल. ब्रश सुटला तसं त्यांचं जेवण कमी झालं, बोलणंही कमी झालं.

समीक्षा ही त्यांची एकुलती लेक. आई गेल्यावर पुण्याची नोकरी घरून करायची परवानगी काढून ती सोनगीरला आली होती. तिचं काम काँप्युटरच्या काळ्या पडद्यावरचं. तिथे चित्र नाही, बटण नाही. हुकूम टाइप करायचा, की प्रोग्राम ओळीमागून ओळ उत्तर देतो. या ओळी सगळ्या सारख्याच दिसतात अशी ऑफिसातल्यांची कुरकुर होती, म्हणून तिने त्यांना रंग दिले. काम झालं की हिरवी ओळ, बिघडलं की लाल. शब्द दोन्हींत तेच, फरक फक्त रंगाचा.

एके सकाळी गॅसचा सिलिंडर आला. बाहेर जाता जाता ती म्हणाली, “आबा, जरा पडदाकडे देखा. लाल ओळ उनी का माले हाक मारा.”

नाही म्हणावं तर का, ते सांगावं लागणार. आबा खुर्चीत ताठ बसले. ओळी सरकत होत्या, सगळ्या एकाच मातकट रंगाच्या. त्यांनी चष्मा पुसला, मान पुढे काढून पुन्हा पाहिलं. समीक्षा आत आली तेव्हा लाल ओळ केव्हाच येऊन गेली होती आणि पुढचं सगळं काम नासलं होतं. लाल दिसली नाही का, असं तिने विचारलं. डोळा लागला, असं आबा म्हणाले. पण डोळे ताणून बसलेल्या आबांना तिने दारातून पाहिलं होतं.

ती चिडली नाही. दुपारभर तेच काम पुन्हा करताना तिला आईच्या करवंट्या आठवल्या. लहानपणी खेळता खेळता तिने त्यांतली एक उचलली होती, तेव्हा एरवी कधी हात न उगारणाऱ्या आईने पाठीत धपाटा घातला होता. मग चिंधाचं लाल तोरण आठवलं आणि तिचे डोळे भरून आले. आपणच आपल्या बापाला परीक्षेला बसवलं, असं तिला वाटलं.

दोन दिवस ती त्याच प्रोग्रामवर खपली. आता सोबत एक छोटी फाईल होती. कोणत्या ओळीला कोणता रंग हवा ते ज्याने त्याने तिच्यात लिहायचं, प्रोग्राम सुरू होताना ती वाचणार. रंग नकोच असतील तर तसंही लिहायचं. शिवाय बिघडलेल्या ओळीआधी एक फुली येणार. मग तिने आबांना शेजारी बसवलं.

“आते ज्याले जो रंग पाहिजे तो लावता येस. तुम्हले कोनता लावू?”

आबांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाले, बिघडलेल्याला पिवळा, झालेल्याला निळा. तिने तसं लिहिलं. आबांनी मान हलवली.

“काळावर निळा बुडस. त्यामा पांढरा टाक, मंग दिसी.”

तिने आकाशी केला आणि ओळी खरोखरच उठून दिसू लागल्या. आबांच्या चेहऱ्यावर वर्षभरात पहिल्यांदा कामातला माणूस दिसला. ते तसेच पडद्याकडे बघत हळू आवाजात म्हणाले, “लाल आनि हिरवं माले कधीच येगळं देखायनं नही, पोरी. तुन्ही मायले माहीत व्हतं. पेंटर शे मी, कोनले सांगू?”

समीक्षाने त्यांचा हात धरून ठेवला.

आठवड्याने पुण्याहून तिच्या साहेबांची मेल आली. लाल-हिरव्याचा घोळ त्यांचाही जन्मापासूनचा होता, आजवर ते शेजारच्याला विचारून वेळ मारून नेत होते, आता त्यांनीही आकाशी आणि पिवळा लावला होता. समीक्षाने ती मेल मराठीत करून वाचून दाखवली. आबांनी ती दोनदा वाचायला लावली आणि विचारलं, “लाल-हिरवं कळस नही, तरी साहेब व्हयना?”

दुसऱ्या दिवशी आबांनी स्वतः चिंधाला फोन केला. रविवारी ट्रक गॅरेजवर आला. पालथा डबा होता तिथेच होता. समीक्षा त्यावर बसली, तिने रंग कालवले आणि करवंट्या मांडल्या. आबा क्रम सांगू लागले, तर तो तिला पाठच होता. त्यांनी पाचव्या करवंटीत ब्रश बुडवला, लाल तोरणातल्या पहिल्या पानावरून फिरवला आणि थांबले. जे नर्मदाबाईंना अडतीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं ते त्यांनी समीक्षाला, चिंधासमोर, मोठ्याने विचारलं.

“हिरवं शे ना?”

“हिरवंच शे, आबा.”