पोटावर ठेवायचा लॅपटॉप

बायको पावसाळ्यात गेली आणि दिवाळीच्या आधी मी आमच्या कोन गावाहून पनवेलला लॅपटॉप घ्यायला गेलो. मी गवंडी. शाळा चौथीपर्यंत. नवीन पनवेलच्या कितीतरी भिंतींना माझा हात लागलाय, पण लॅपटॉप म्हणजे काय ते मी तोवर पाहिलं नव्हतं.

तो पोरीसाठी हवा होता. रिक्षा उलटली आणि तिच्या पाठीचा कणा मोडला. कमरेखाली काही उरलं नाही, हात तेवढे धड. त्याआधी ती कॉम्प्युटरच्या क्लासला जायची, मराठी टायपिंग शिकलेली. आई होती तोवर आईच तिला धुवायची, कुशीवर वळवायची, तिच्याशी भांडायची. आई गेल्यावर पोर दोन घास खायची, तेही मी समोर बसलोय म्हणून. एक दिवस म्हणाली, "बाबा, मला आता वळवत जाऊ नका. होऊ देत जखमा." पडून पडून पाठीला जखमा झाल्या की माणूस त्यातच जातो, हे आम्हा दोघांनाही डॉक्टरनं सांगितलेलं. म्हणजे ती माझ्याकडे मरायची परवानगी मागत होती.

मी सगळीकडे तिच्यासाठी काम विचारत फिरलो. एक छापखानेवाला म्हणाला, घरी मशीन असेल तर पुस्तकं टाईप करायला देतो. पोरीला सांगितलं तेव्हा तिनं कितीतरी दिवसांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "पडून वापरता येईल असा असतो एक. पण आपल्याला झेपायचा नाही." मी त्याच दिवशी बायकोच्या पाटल्या सोनाराकडे नेल्या. रडायला सवड नव्हती.

बाजारात एका मुसलमान दुकानदाराकडे असा माल मिळतो असं कळलं. त्याचा भाऊ आखातात. तिकडच्या ऑफिसांतला वापरलेला माल तो इकडे पाठवायचा.

"बसा चाचा. कुणासाठी?"

"पोरीसाठी."

"कॉलेजात आहे?"

"खाटंवर हाय."

त्यानं तीन लॅपटॉप काढून मांडले. एक पातळ आणि मजबूत. त्याची किंमत ऐकून मी त्याच्याकडे पुन्हा बघितलंच नाही. दुसरा जाड, काळा, जड. तिसरा हलका, प्लास्टिकचा आणि सगळ्यांत स्वस्त.

आम्ही वीट घेताना ठोकून बघतो. खणखणीत वाजली तर भाजलेली, बद्द वाजली तर कच्ची. मी बोटाच्या पेरानं जाड्याला ठोकलं. मग हलक्याला.

"वाजवू नका चाचा, आत कुणी राहत नाय," दुकानदार म्हणाला. "मांडीवर घेऊन बघा."

"मांडीवर नाय. पोटावर. ती उताणी असते."

मी चपला काढल्या आणि दुकानाच्या फरशीवर आडवा झालो. मिक्सर बघायला आलेल्या बाईनं पदर तोंडाला लावला. तिचा नवरा म्हणाला, "काका, उशी देऊ का?" दुकानदारानं त्याला गप्प केलं आणि जाड मशीन माझ्या पोटावर ठेवलं.

मशीन भारी होतं. झाकण जिथं ठेवलं तिथं राहायचं, जरा हलायचं नाही. माझं मन बसलं. सगळ्या पाटल्यांचे पैसे गेले असते, तरी चाललं असतं. पण थोडा वेळ तसाच पडून राहिलो तर श्वास अडायला लागला. पोर माझ्या निम्म्यानं. तिची छाती भात्यासारखी दिसते.

मग हलकं ठेवलं. वजन कळलंसुद्धा नाही. झाकण मात्र नाकावर येऊन आदळलं.

"बिजागरी ढिली आहे," दुकानदार म्हणाला. "टेबलावर भिंतीला टेकवून चालतं, म्हणून स्वस्त. तो पार्ट इथं मिळत नाय. खोटं कशाला बोलू?"

मी फरशीवरच राहिलो. उठावंसं वाटेना. बायको असती तर तिला विचारलं असतं. नाहीतर तिनं न विचारताच सांगितलं असतं. आयुष्यभर मी लोकांच्या मागं लागलो, स्वस्त माल घेऊ नका, पस्तावाल. पण भिंत भक्कम असली तरी ती माणसाच्या छातीवर उभी नसते.

"हलका द्या," मी म्हणालो.

घरी आणून पोरीच्या पोटावर ठेवला. झाकण पडलं. दोरीनं आढ्याला बांधून बघितलं, उशी लावून बघितली. तिच्या श्वासाबरोबर मशीन खालीवर होतं आणि झाकण पुढं येतं. शेवटी मी खाटेच्या कडेला बसलो आणि झाकण हातानं धरलं.

"बाबा, हात हलतोय. अक्षरं नाचतात."

"तू लिही. थांबेल तो."

आता रोजचं हेच. सकाळी ती स्वतःहून भाकरी मागते, मग मी झाकण धरतो. कामावर जाणं सुटलं. पूर्वी भिंत सरळ बघायला या हातानं ओळंबा धरला तर सूत हलायचं नाही. आता पान संपेपर्यंत खांद्यातून कळ येते, मग हात बदलतो. मी एखादे दिवशी उठलोच नाही तर काय, हा विचार डोक्यातून जात नाही. गल्लीत कुणाला सांगून ठेवावं म्हटलं, तर तासन्‌तास येऊन बसणार कोण?

हल्ली ती फार भरभर टाईप करते. दुपारी पाणी प्यायलासुद्धा थांबत नाही. मी म्हटलं, "एवढी घाई कशाला? छापखानेवाला काय पळून जातोय?"

"तुमचा हात आहे तोवर जेवढी पानं होतील तेवढी," ती म्हणाली. नजर काचेवरच.

मी झाकण जरा मागं घेतलं, तिला नीट दिसावं म्हणून.