हळदीकुंकवाचं बोलावणं

विद्यापीठातल्या मंडळींना मी मोर्चेवाली वाटायचे आणि मोर्च्यातल्या मंडळींना पुस्तकवाली. धड इकडची नाही, धड तिकडची नाही. बायकांचे जमिनीवरचे हक्क हा माझा अभ्यासाचा विषय. त्यापायी कशेळ्यात खोली घेतली आणि इथेच राहून गेले. लग्न केलं नाही. "ताई, एकटं नाय वाटत?" असं कोणी विचारलं की मी फाडकन म्हणायचे, "तुम्हाला घरात एवढी माणसं असून वाटत नाही का?" विचारणारी पदर सावरत निघून जायची. मग संध्याकाळभर मलाच कसंतरी व्हायचं.

शेजारीण विधवा. नवरा गेल्यावर दिरांनी तिला भातशेतीवरून हुसकायला पाहिलं, तेव्हा तिच्याबरोबर कर्जतच्या तहसील कचेरीत मी चपला झिजवल्या. शेवटी सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला कोणी बोलवेना. माझं डोकंच सटकलं! बचत गटाच्या दर मीटिंगमध्ये मी तेच लावून धरलं. कुंकवावरून बायकाबायकांत भेद करणारा हा कसला सण? बंद करा, नाहीतर सगळ्यांना बोलवा.

यंदा बचत गटाच्या बायकांनी ठरवलं, विधवांनाही बोलवायचं, शाळेच्या पटांगणात. घरोघर बोलावणं करत त्या माझ्या दारावरून हसत पुढे गेल्या. म्हटलं, परत येताना सांगतील. दुपारी केस विंचरून, नीट आवरून बसले, खोटं कशाला बोलू? लाउडस्पीकरवरून उखाणे ऐकू येत होते, हशा ऐकू येत होता. मला न्यायला कोणी आलं नाही. भयंकर रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

दिवेलागणीला शेजारीण आली. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात वाणाची वाटी, चेहरा नुसता फुललेला. तिळगूळ माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "ताई, आज तुमी पायजे होत्या बघा."

"मग बोलवायचं होतं की!"

ती चपापली. "अवो, तुमी असलं मानत नाय ना. आमीच म्हटलं, ताईंना बोलावलं तर उगाच रागावतील."

मला हसावं की ओरडावं कळेना. तिच्या वाटीत कुंकवाची पुडी होती. ती उघडून तिनं बोट बुडवलं, माझ्या कपाळाजवळ आणलं आणि थांबली.

"लावू? का नको?"

हिच्यासाठी मी साहेबाच्या टेबलावर हात आपटला होता, भर कचेरीत, आवाज चढवून. आता फक्त 'लाव गं' म्हणायचं होतं.

"नको," मी म्हणाले.

"वाटलंच मला," म्हणत ती समजूतदारपणे हसली आणि तिनं बोट पदराला पुसलं.