चेअरमनचा गुरुवार

सदर इसम नामे सम्मेद वर्धमान मगदूम, राहणार हुपरी, हे शंभर टक्के दृष्टिहीन असून कोणतेही बारीक काम करण्यास असमर्थ आहेत. प्रवासात त्यांना सोबत्याची कायम आवश्यकता आहे. असा दाखला सम्मेदकडे आहे. त्यावर गोल शिक्का आहे, तेव्हा तो खोटा असायचं काही कारण नाही.

वर्धमान म्हणजे त्याचे वडील. घरीच चांदीची पैंजणं घडवतात. पोरगा कोल्हापुरात आकारामच्या स्टुडिओत, रिक्षावरून गावभर ओरडत फिरणाऱ्या जाहिराती कापतो-जोडतो, हे त्यांनी एकवेळ सोसलं होतं. पण मागच्या आठवड्यात घोळ झाला. पडद्यावर जे येईल ते वाचून दाखवणारा एक यांत्रिक आवाज कॉम्प्युटरात असतो, त्याच्यावर सम्मेदचं सगळं काम चालतं. रेकॉर्डिंगच्या वेळी तो बंद करायचा राहिला, आणि दूध संस्थेच्या जाहिरातीत "आपले लाडके चेअरमन बाळासो" यांच्या नावापुढं "डिलीट" असं खणखणीत उमटलं. रिक्षा निम्मं गाव फिरून आली. विरोधी पॅनेलनं तिला आणखी एक फेरी मारायला लावली म्हणे.

बातमी हुपरीला पोचली. वर्धमान पोराच्या कपड्यांसाठी रिकामी पिशवी घेऊनच स्टुडिओत आले.

"चल घरला. घुंगरं ओवत बस. लोकांचं हसं कशापायी?"

"आजचं काम बघा, आप्पा. चुकलं तर येतो तुमच्या संगं."

तेवढ्यात आकारामच्या मागोमाग बाळासोच आत आले. पुतण्याच्या कुस्तीत ओरडून ओरडून त्यांचा घसा पार बसला होता.

"सभा आता सोमवारी न्हाय, गुरुवारी ठरलीया," ते घोगरले. "रिक्षा खाली उभी हाय. आणि आज मला डिलीट केलास तर तुझ्या मालकाला करीन. पावणं, तुम्ही कोण?"

"ह्याचा बाप," वर्धमान म्हणाले.

बाळासोंनी नुसते हात जोडले. घशाला विश्रांती हवीच होती.

सम्मेदनं वडिलांच्या कानांना दुसरा हेडफोन लावला. एका कानात बाळासोंचं जुनं रेकॉर्डिंग, दुसऱ्यात कढईत लाह्या फुटाव्यात तशी कसलीशी बडबड.

"ह्ये काय तडतडतंय?"

"मी पडद्यावर कुठं हाय ते सांगतंय. हळू केलं की मला झोप येती."

माउस टेबलावर नव्हताच. बोटं कीबोर्डवर चालली. जाहिरातीच्या शेवटी बाळासो "बोनस गुरुवारी मिळेल" म्हणाले होते. तिथला 'गुरुवारी' उचलून सम्मेदनं 'सोमवारी'च्या जागी बसवला.

"जोड लागतोय," वर्धमान लगेच म्हणाले. दुसऱ्याच्या कामातला जोड हुडकण्यात त्यांची हयात गेली होती.

"व्हय की. अजून घासायचाय."

शब्दाची शेपटी केसभर कमी झाली. मग सम्मेदनं दुसऱ्याच एका वाक्यातून बाळासोंचा श्वास उचलला. शब्द नव्हे, नुसता श्वास. तो 'गुरुवारी'च्या आधी आणून ठेवला.

"ह्यो कशाला?"

"वार सांगायच्या आधी माणूस दम घेतोय, आप्पा. चेअरमन तर घेतोयच."

त्यानं यांत्रिक आवाज बंद केला. झालाय ना, हे पुन्हा तपासलं. मग जाहिरात लावली.

वर्धमाननी डोळे मिटले. पैंजणाच्या कडीवरून फिरवावा तसा त्यांचा अंगठा टेबलाच्या कडेवरून फिरत होता. पुन्हा लाव, म्हणाले. पुन्हा ऐकली. अंगठा थांबला. चांदी निदान हाताला तरी लागते. इथं हाताला लागण्यासारखं काहीच नव्हतं, आणि ते पोरानं घासून गुळगुळीत केलं होतं. माणसाचा श्वास एकीकडून काढून दुसरीकडं बसवला, आणि ज्याचा होता त्याला पत्ता नाही.

"आयला," बाळासो म्हणाले, "ह्ये मी कधी बोललो?"

"गुरुवारी," आकाराम म्हणाला.

खाली रिक्षा सुरू झाली. बाळासोंचा आवाज गल्लीतून लांब जाईपर्यंत वर्धमान खिडकीशी कान देऊन उभे होते. जोड काही सापडला नाही. मग त्यांनी रिकाम्या पिशवीची घडी घातली, काखेत मारली आणि लेकाला एवढंच म्हणाले, "श्वास जपून वापर."

दाखल्यातल्या सोबत्याला एसटीत सवलत मिळते. पण ज्याची सोबत करायची, तो शेजारी बसलेला लागतो. वर्धमाननी हुपरीचं पूर्ण तिकीट काढलं.