उचलायचा नसलेला फोन : नांदेड, मुखेड, लातूर

एप्रिलमध्ये मराठवाड्यात जाऊ नकोस, असं मला सगळ्यांनी सांगितलं. सगळ्यांनी म्हणजे ऑफिसातल्या दोघांनी. घरी सांगणारं कुणी नाही, त्यामुळे तेवढ्यावर भागलं. मी पुण्यात ग्राहकांच्या बाजूने भांडणाऱ्या एका छोट्या संस्थेत काम करते. मोबाइल नंबर किती दिवस वापरात नसला की कंपनीने तो बंद करावा, यावर दूरसंचार नियामकाने लोकांच्या सूचना मागवल्या होत्या. आमच्या साहेबांचं म्हणणं, नेटवर बघ आणि चार पानं लिहून टाक. मी म्हटलं, ज्यांचे नंबर बंद पडतात ती माणसं नेटवर कुठे भेटणार? वाद घालायची खोड जुनी आहे. नियामकाचा मसुदा पिशवीत टाकला आणि नांदेडच्या गाडीत बसले.

नांदेडला सकाळी उतरलात तर स्टेशनबाहेर सुशीला खा. नावाला हसू नका, भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणी घातलेला प्रकार आहे, पोट भरतं आणि खिशाला कळतही नाही. मुखेडला एसटी कंधारवरून जाते. कंधारपर्यंत रस्ता बरा, पुढे कंबर ज्याची त्याने सांभाळावी. खिडकीतून येणारा वारा तव्यावरून उठल्यासारखा होता. माझ्या फोनवर तोवर तीन मेसेज आले होते, तिन्ही कंपनीच्या जाहिरातींचे. चौथ्यांदा फोन थरथरला तेव्हा मी घाईने बघितलं, पुन्हा जाहिरातच, आणि स्वतःचाच राग आला.

मुखेडला बाजाराचा दिवस होता. सावली म्हणून एका बांगड्यांच्या दुकानाच्या ताडपत्रीखाली शिरले. दुकान शकिलाआपांचं. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, किरकोळ अंगाच्या, गिऱ्हाइकाचा हात धरून बांगडी अशी चढवायच्या की त्या बाईला कळायच्या आत काम झालेलं असायचं. मी कोण, कशाला आले, हे त्यांनी दोन मिनिटांत काढून घेतलं आणि गल्ल्यामागून एक बटणांचा फोन काढला.

"म्याडम, ह्याला बघा जरा. वाजतच न्हाई. आठ दिस झाले."

पडद्यावर कंपनीचं नावच नव्हतं. मी शेजारच्या रिचार्जवाल्याला नंबर तपासायला लावला. तो म्हणाला, "आपा, तुमचा नंबर कंपनीनं बंद केलाय. वापर न्हाई म्हणून."

"वापर न्हाई?" आपा त्याच्यावर उखडल्याच. "रोज दिवेलागणीला वाजून राहिलाय की! तुझ्यासमोर वाजायचा!"

वाजायचा, हे खरं. त्यांची मुलगी रुखसार लातूरला वसतिगृहात राहून डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या शिकवणीला जात होती. मुलींना मोबाइल ठेवायची परवानगी नाही. फाटकाशी नाणं टाकायचा फोन आहे, त्यावरून ती रोज संध्याकाळी आईला एक रिंग द्यायची आणि ठेवून द्यायची. समोरून उचललं नाही तर नाणं परत येतं, एकच नाणं वर्षभर पुरतं. एक रिंग म्हणजे मी बरी आहे. आपा कधीच उचलत नसत. आणि नियमात न उचललेली रिंग हा वापरच नाही. तीन महिने त्या फोनवर कुणी बोललं नाही, मेसेज केला नाही, की कंपनीच्या लेखी तो फोन मेलेला. त्यानंतर पंधरा दिवसांची मुदत असते. तेवढ्यात मालकाने स्वतः जाऊन मागितला तर नंबर मिळतो, नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी जातो.

बँकेचं खातं, गॅस, हैदराबादच्या बांगडीवाल्याचे सणासुदीचे निरोप, सगळं त्याच नंबरवर. पण आपांना त्याचं काही नव्हतं.

"पोरगी तिकडून लावती आन् तिला फोनातली बाई सांगती, हा नंबर अस्तित्वात न्हाई. परवा इतवारी तिची तुकडी ठरवायची परीक्षा हाय. वरच्या तुकडीत लागली तर फी माफ. न्हाई लागली तर मी तिला ठेवू न्हाई शकत तिथं. असं डोस्कं घेऊन ती काय लिहिल?"

शेजारणीच्या फोनवरून वसतिगृहाला विचारून झालं होतं. ऑफिसातल्या माणसाने मुलगी ठीक आहे म्हणून सांगितलं, आणि परीक्षेच्या आठवड्यात भेट, निरोप, मुलीला फोनवर बोलावून देणं सगळं बंद, हेही सांगितलं.

मुखेडला हे काम होत नव्हतं, नांदेडला नाहीतर लातूरला जायला हवं होतं. "लातूर," आपा म्हणाल्या, "तिथं पोरगी तरी हाय." मला पुढे लातूरलाच जायचं होतं. एकट्या बाईला खोली द्यायला लॉजचा मॅनेजर का-कू करत होता, तेव्हा त्याच मला घरी घेऊन गेल्या. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर कच्चा कांदा. झोपायला रुखसारची खाट मिळाली.

जेवताना मी विचारलं, रोज रिंग कशाला, आठवड्यातून एकदा बोललं तर चालणार नाही का?

"भूकंपाच्या टायमाला मी नवी नवरी व्हते इथं," त्या म्हणाल्या. "माहेर औशाच्या पलीकडं. हितं नुसती भांडी वाजली. तिकडं काय झालं, कोण हाय, कोण गेलं, लई दिस कळालंच न्हाई. फोन बंद, रस्ते बंद. मी भाकऱ्या करत व्हते, जेवत व्हते, आन् माझी अम्मा तवाच मातीखाली गेलेली." कांद्याची फोड त्यांनी ताटातच इकडून तिकडे सरकवली. "म्हणून रोज. बोलायचं न्हाई काय, निस्तं कळालं पायजे."

सकाळी निघालो. जळकोटवरून उदगीर, तिथे गाडी बदलून लातूर. उदगीरच्या स्टँडवर कानडी, तेलुगू, मराठी आणि दखनी एकाच बाकावर ऐकू येतात, अर्धा तास छान जातो. आपांनी सगळ्या वाटेत फोन मुठीत धरला होता. तो बंद आहे हे माहीत असूनही.

लातूर शहरात शिरलात की आधी पोरापोरींचे फोटो दिसतात. भिंतीवर, खांबांवर, रिक्षांच्या पाठीवर, पहिला आलेला, शंभरात आलेली. खालून तसलीच पोरं पाठीवर ओझं घेऊन चाललेली असतात, वर न बघता. कंपनीच्या दुकानात रांग होती. काउंटरवरच्या मुलीने आधार बघितलं, अंगठा घेतला आणि म्हणाली, "मुदतीत आलात म्हणून बरं. संध्याकाळपर्यंत चालू होईल." मग नियम सांगितला, "पण मावशी, वापरायचा. नुसता ठेवून द्यायचा नाही."

दुपार उसाच्या रसावर काढली. ऊन उतरल्यावर वसतिगृहाच्या समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. लोखंडी फाटक, आत आंब्याचं झाड, त्यापलीकडे काही दिसत नव्हतं. भेट बंद म्हणजे बंद, रखवालदार आपांकडे बघायलाही तयार नव्हता. फोनवर अजून कंपनीचं नाव नव्हतं. फाटकाच्या आत फोनसाठी मुलींची रांग लागल्याचा आवाज येऊ लागला.

"नसन झाला चालू, तर ती आजबी तेच ऐकंल," आपा म्हणाल्या. मी दोनदा फोन बंद करून चालू केला. तिसऱ्यांदा नाव आलं, आणि आमचा दुसरा चहा येईपर्यंत फोन वाजला.

"उचला!" मी म्हटलं. "आपा, उचला, म्हणजे वापर धरला जाईल. नाहीतर तीन महिन्यांनी पुन्हा हेच."

त्यांनी फोन दोन्ही हातांत झाकून घेतला आणि मान हलवली. रिंग थांबली. भिंतीपलीकडे, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, मुलीने नाणं काढून घेतलं असणार.

"का नाही उचलला?" मी जवळजवळ ओरडलेच.

"एकदाच उचलला हाय मी," आपा म्हणाल्या. "मागच्या साली. तिचा बाप गेला, तवा. आता उचलला तर तिला काय वाटंल, सांगा तुमी. उद्या परीक्षा हाय तिची."

मसुद्याची चाळीस पानं मी तीनदा वाचली होती, वापर म्हणजे काय याची व्याख्या पाठ होती, आणि त्या क्षणी मला ती पानं टपरीच्या शेगडीत घालावीशी वाटली. मग मी व्यवहाराचं बोलले. तिचा उचलू नका, पण महिन्यातून एकदा तुम्ही कुणाला तरी लावा. तेही चालतं.

"कुणाला लावू? माझं कोण हाय?"

हे त्यांनी रडगाणं म्हणून नाही सांगितलं, खरोखर विचारलं. मीही विचार केला, की मला असा नंबर सांगायची वेळ आली तर मी कुणाचा सांगेन. "मला लावा," मी म्हटलं.

स्टँडवर त्या मुखेडच्या गाडीत बसल्या, मी पुण्याच्या. घरी येऊन सूचना लिहिली, की नुसती वाजलेली रिंगसुद्धा वापर धरावी. साहेब म्हणाले, यातून कंपनीला काय मिळतं, कोण मान्य करणार? काही महिन्यांनी नियम आला, त्यात माझं वाक्य नव्हतं. तुम्ही या वाटेने गेलात तर ऊन टाळून हिवाळ्यात जा, आणि मुखेडला बाजाराच्या दिवशी उतरा. बाकी सांगण्यासारखं पर्यटन तिथे नाही.

परतल्यावर महिनाभराने एका संध्याकाळी मी वरण गरम करत होते तेव्हा फोन वाजला.

"म्याडम? शकिला बोलून राहिले, मुखेडवरून. पोरगी वरच्या तुकडीत लागली."

"अरे वा! बोला आपा, कशा आहात?"

"बरी हाय. न्हाई, बोलायचं तसं काय न्हाई. तुमी म्हणला व्हता म्हणून लावला. झाला का वापर?"

फोन उचलला तेव्हाच झाला होता. मी गॅस बंद केला, खुर्ची ओढून बसले.

"अजून नाही," मी म्हटलं. "थोडं बोला."