निकालात नसलेल्या सासूबाई

गुरुवारी सकाळी सासूबाई गेल्या. दुपारी त्यांचा मुलगा कानपूरहून आला. संध्याकाळी गुरुजींनी मला सांगितलं की मला सुतक नाही. "कोर्टाचा फैसला झालाय ना, ताई? मग नातं सुटलं. आपल्याला नाही लागत."

मी काही बोलले नाही. मी एका इंटर कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते आणि न बोलण्याची मला सवय आहे. सासूबाईंना ती कधीच नव्हती. घटस्फोटात नवरा सोडावा लागतो हे साऱ्या झाशीला ठाऊक आहे. सासूही सोडावी लागते हे मात्र वकील, न्यायाधीश, नातेवाईक आणि खुद्द त्यांचा मुलगा, यांच्यापैकी एकालाही माझ्या सासूबाईंना पटवून देता आलं नाही. त्या गेल्यावर गुरुजी तेच मला पटवायला आले होते, आणि मी इतकी वर्षं कुणाच्या हाताखाली तयार झाले होते याची त्यांना कल्पना नव्हती.

माझा नवरा नोकरीसाठी कानपूरला गेला आणि हळूहळू तिथल्याच एका बाईबरोबर राहू लागला. झाशीला यायचा तो दिवाळीला, पाहुण्यासारखा. मग त्याने कळवलं की त्याला मोकळं व्हायचं आहे आणि रेवा, आमची मुलगी, त्याच्याकडे राहील. पहिल्या गोष्टीला माझी ना नव्हती. दुसरी ऐकून मी देवघरासमोर नुसती बसून राहिले. सासूबाई सैपाकघरातून हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "सूनबाई, ऊठ. वकील बघायला जायचंय. आणि ती निळी साडी नेस, ह्या साडीत तू आधीच हरल्यासारखी दिसतेस."

इलाइट चौराह्याच्या मागे, एक जिना चढून गेलं की आमच्या वकीलसाहेबांचं ऑफिस होतं. माणूस सज्जन, पण तयार मजकुरावर त्यांची फार श्रद्धा. त्यांनी माझ्या अर्जाचा मसुदा टाइप करून आणला आणि मोठ्याने वाचायला घेतला. सगळी वाक्यं 'यह कि'ने सुरू होणारी. अशाच एका 'यह कि'मध्ये आलं की विपक्षी की माता याचिनी को आए दिन ताने देती थी और भरपेट खाना नहीं देती थी. म्हणजे नवऱ्याची आई मला रोज टोमणे मारायची आणि पोटभर जेवायला घालायची नाही. विपक्षी की माता माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी चष्मा लावला, कागद ओढून घेतला आणि ते वाक्य स्वतः वाचलं.

"ताने रहने दीजिए," त्या म्हणाल्या. "ताने मैंने दिए हैं. खाना काटिए."

"माताजी, ये तो फॉर्मेट है. सब में यही जाता है."

"तो सबकी सासों से पूछकर डाला करो! खाना नहीं दिया? इसकी तरफ देखो. ये भूखी दिखती है?"

वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली केली. मी भुकेली दिसत नव्हते. "पर माताजी," ते कळवळून म्हणाले, "सास ठीक निकली, तो केस में बचा क्या?"

"मेरा लड़का," सासूबाई म्हणाल्या.

ते वाक्य त्यांनी खोडायला लावलंच. जे राहिलं ते अगदीच सपक दिसतं, असं वकीलसाहेब म्हणाले, तेव्हा सासूबाईंनी तोडगा सांगितला: मला साक्षीला उभी करा. वकीलसाहेबांनी त्यांना तीनतीनदा विचारलं, मुलाच्या विरुद्ध उभं राहायचं म्हणजे काय ते समजतंय का. त्या म्हणाल्या, "समझता है. आप तारीख लीजिए."

तारखेला जायची त्यांची एक पद्धत होती. बसायला आसन घरून न्यायचं, कारण कोर्टाच्या बाकांवर त्यांचा विश्वास नव्हता. पहाटे उठून सैपाक करायचा आणि दोन डबे भरायचे, एक आमचा आणि एक त्यांच्या मुलाचा. "भांडण आत आहे," त्या म्हणायच्या, "बाहेर माणूस उपाशी कशाला?" तो बिचारा पहाटेच्या गाडीने आलेला असायचा, समोरच्या बाकावर खाली मान घालून थालीपीठ खायचा आणि त्याचा वकील त्याच्याकडे जळजळीत नजरेने पाहत राहायचा. तारखेला आलेल्या बाकी बायकांना हा काय प्रकार आहे ते कळायचंच नाही. सासू म्हटल्यावर त्या पदर सावरून लांब सरकायच्या. शिपायाने एकदा दटावलं, "अम्मा, लड़के वाली हो तो उधर बैठो." सासूबाई आसन न हलवता म्हणाल्या, "मैं दोनों वाली हूँ, भैया. बीच में बाक हो तो बताओ."

साक्षीच्या दिवशी त्याच्या वकिलाने आवाज चढवून विचारलं, "माताजी, माँ होकर आप अपने ही बेटे के खिलाफ बोलेंगी?" सासूबाई त्याच्याशी बोलल्याच नाहीत. त्या न्यायाधीशांकडे वळल्या. "साहब, इस एक को मैं चालीस साल से पाल रही हूँ, अभी पूरा नहीं हुआ. अपनी चाय नहीं बना सकता. चड्डी-बनियान कहाँ रखी है, फोन करके मुझसे पूछता है. मैंने ही बिगाड़ा है, वो मैं लिखकर देती हूँ. पर इसे पालने को दूसरा मत दीजिए."

सगळी खोली हसली. न्यायाधीशांनी रुमाल तोंडाशी नेला. एकटा तो हसला नाही. बाहेर आल्यावर सासूबाईंनी नेहमीसारखा डबा पुढे केला, आणि तो डब्याकडे न बघता जिना उतरून गेला. त्यांनी हाक मारली नाही. पण पुढच्या प्रत्येक तारखेला दुसरा डबा भरला गेला आणि त्याने तो घेतला नाही. आम्हाला त्यातलं खायची परवानगी नव्हती. वकीलसाहेब खायचे, अपराध्यासारखे.

मग न्यायाधीशांनी रेवाला एकटीला आत बोलावलं. कुणाकडे राहायचंय, असं त्यांनी विचारलं तेव्हा रेवाने म्हणे क्षणभरही विचार न करता सांगितलं, "आजी के साथ." साहेब चक्रावले. "और आजी कहाँ रहती हैं?" "मम्मी के साथ. जहाँ मम्मी जाएगी, वहीं." हे तिला कुणी पढवलं, असा आरोप त्याच्या वकिलाने केला. पढवलं कुणीच नव्हतं. फक्त सुनेबरोबर राहायला जायचा हा बेत सासूबाईंनी घरात सर्वांच्या आधी रेवाला सांगितला होता, मला तर नंतर कळला.

निकाल लागला. रेवा माझ्याकडे राहिली. खंडेराव गेटजवळचं घर नवऱ्याच्या नावावर होतं, म्हणून मी कॉलेजजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सामान लावत होते तेवढ्यात दारात ई-रिक्षा थांबली आणि रिक्षावाल्याचा आवाज आला, "अम्मा, जौ संदूक कितै धरें?" ट्रंक कुठे ठेवायची, हे तो सासूबाईंना विचारत होता. मी घाबरून वकीलसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "बहनजी, फैसले में माताजी का तो कुछ लिखा ही नहीं है." सासूबाईंनी ट्रंकेवर बसूनच ते ऐकलं. "नाही लिहिलं? मग मनाई पण नाही. पोळपाट कुठे ठेवू?"

त्यानंतर इथे त्यांचं राज्य होतं. रेवाला मराठी कळते, पण उत्तर ती हिंदीत देते; 'आजी, पानी दो ना' म्हटलं की सासूबाई ठार बहिऱ्या व्हायच्या आणि पोरगी तहानेने कासावीस होऊन 'पाणी दे गं' म्हणेपर्यंत त्यांचे कान काही बरे व्हायचे नाहीत. नातेवाइकांत कुणी मला 'पूर्वीची सून' म्हटलं की त्या विचारायच्या, "मग आत्ताची कोण? मला भेटव तरी." टोमणे अर्थात शेवटपर्यंत चालू होते. माझ्या भाजीत मीठ कमी असतं, मी पुस्तकात डोकं घालून दूध उतू घालवते, असे सगळे. मी एकदा म्हटलं, "आई, आता तरी सोडा, आता मी तुमची कायद्याने कुणी नाही." त्या म्हणाल्या, "कायद्याने मीठ घालता येतं का तुला? नाही ना? मग ऐक." दुसरा डबा मात्र फळीवर उपडा असायचा. दर दिवाळीला त्या तो घासायच्या, पुसायच्या आणि परत उपडा ठेवायच्या.

मी सुतक पाळलं. देवाजवळ दिवा लावला नाही, कुणाच्या घरी गेले नाही, घरात गोड केलं नाही. कॉलेजात रजेच्या अर्जावर मृताशी नातं विचारलं होतं, तिथे मी 'सास' लिहिलं. ऑफिसातले कारकून बाबूजी अर्ज घेऊन ग्रंथालयात आले आणि घुटमळले, "मैडम, सास लिखा है आपने... पर आपका तो..."

"लिखा है न?" मी म्हटलं. "वही पढ़िए." ग्रंथालयात इतक्या मोठ्याने मी कधी बोलले नव्हते.

तेराव्याला गुरुजी आले. दिवा न लावलेलं देवघर त्यांनी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाट मांडायला सांगितलं. विधी सासूबाईंच्या मुलाने केले. जेवताना तो फार कमी जेवला. संध्याकाळी कानपूरच्या गाडीसाठी निघाला तेव्हा मी फळीवरून डबा काढला, भरला आणि त्याच्यापुढे धरला. मी त्याला माफ केलं नव्हतं, आजही केलेलं नाही. पण समोरासमोर आलेल्या दिवशी तो उपाशी जाऊ नये, हा नियम माझा नव्हता, आणि तो मोडायचा अधिकारही मला नव्हता. तो डब्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने तो दोन्ही हातांनी घेतला.

डबा अजून परत आलेला नाही. रेवा आता पाणी मराठीत मागते. माझ्या भाजीत मीठ कमीच असतं, आणि ते सांगायला घरात कुणी नाही.