खिंडीतला पहिला घास

प्रिय अमेय आणि जुई,

पेरूला जाऊन तुम्हीही इंका लोकांच्या डोंगरवाटेनं चालणार आहात, असं काल कळलं. आज फुलचूरच्या रस्त्यानं तेंदूपानांचा ट्रक गेला आणि त्या सुक्या पानांच्या वासासरशी तुमच्या आजोबांबरोबर चढले होते त्या तिथल्या उंच खिंडीत मी मनानं जाऊन पोचले.

चढावर माझा श्वास पुरत नव्हता. आमची गाईड रोसा म्हणाली, "जेवणानंतरही बरं वाटलं नाही, तर खाली पाठवावं लागेल." तिनं कोकाच्या पानांचा गरम चहा दिला, त्यालाही असाच वास होता. जन्मभर वर्गात शिकवलेले इंकांच्या डोंगरावरच्या गावाचे अवशेष आता दिसणार नाहीत, म्हणून मी रडवेली झाले.

तुमच्या आजोबांनी पोह्यांचा डबा उघडला आणि शेतावर ठेवत तसा पहिला घास धरतीमातेसाठी मातीवर ठेवला. घरी मी या रीतीला हसायची. रोसानं मात्र लगेच त्याशेजारी कोकाची पानं मांडली.

"पाह्य, हिच्याकडंबी हेच," आजोबा म्हणाले. "खाय आता. घाई कायले करून राहिली?"

खाऊन, बसून, हळूहळू श्वास जागेवर आला. रोसा म्हणाली, "चला."

शेवटच्या सकाळी धुकं हटलं. उतारभर दगडी बांधांची शेतं आणि वर ते गाव.

"एवढ्या बांध्या! रोवणी कोन करत असन?" आजोबा म्हणाले.

तेव्हा तो भातलावणीचा प्रश्न मला अगदी अवेळी वाटला. आता डोळे मिटले की आधी त्या शेतांच्या बांध्याच दिसतात.

आजोबा आता नाहीत. पहिला घास मी अजून अंगणातल्या मातीवर ठेवते.