हाक मारायला परवानगी

माझ्या बायकोच्या मामांइतका संतापी माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा नाही, आणि चुकून असलाच तर त्या दोघांची गाठ पडू नये एवढीच माझी इच्छा आहे. मामाजींना राग यायला कारण लागत नाही. राग आधी येतो, कारण ते मागाहून सवडीने शोधतात. चहा गरम आहे म्हणून चिडतात, आणि चिडेपर्यंत तो निवला की थंड झाला म्हणून पुन्हा चिडतात. कारंज्याच्या एका ढाब्यावर वरणात मीठ कमी पडलं म्हणून त्यांनी आचाऱ्याला भट्टीवरून उठवून बाहेर आणलं, सगळ्या ट्रकवाल्यांसमोर झापलं, आणि निघताना त्याच आचाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला यायचं कबूल केलं. गेलेही. तिथे मांडवातला पंखा नीट बांधला नाही म्हणून भांडले, आणि मग स्वतःच शिडीवर चढून तो बांधून आले. आमच्याकडे जावयाला अरेतुरे करत नाहीत. ही रीत मामाजी कसोशीने पाळतात, त्यामुळे माझ्या वाट्याला येतात त्या शिव्यासुद्धा आदरार्थी असतात. "जवाईबापू, तुमच्या डोक्यात कुटार भरलं हाये काय?" असं त्यांनी मला लग्नाच्या पंगतीत विचारलेलं आहे, आणि वर आग्रहाने बुंदी वाढलेली आहे.

त्यांचं गाव पुलगावच्या वाटेवर. तिथल्या भाजी पिकवणाऱ्या घरांचा एक गट आहे, आणि सगळ्यांची वांगी, भेंडी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळं एकाच टेम्पोतून बाजाराला जातं. टेम्पो किती वाजता येणार हे रोज बदलतं. ते घरोघर कळवायचं काम मामाजी वर्षानुवर्षं करत होते. त्यांना कोणी नेमलं नव्हतं. दुसरं कोणी केलं असतं तर ते चुकीचं करतंय म्हणून त्यांना राग आला असता, म्हणून ते स्वतःच करत. संध्याकाळी मोटारसायकल काढायची, प्रत्येक फाटकासमोर थांबायचं, इंजिन चालूच ठेवायचं आणि त्या फटफटीच्या वर आवाज चढवायचा. "ओ शांताबाई! जित्ती हायेस का? उद्या गाडी सहाले येते. मागच्या वेळेसारखी निबर भेंडी आणशीन तं रस्त्यावर फेकून देईन, सांगून राह्यलो!" आतून शांताबाई तितक्याच जोरात ओरडायच्या, "आयकलं, आयकलं! बहिरी नाई मी!" मग पुढचं फाटक. कोणी रागावत नसे. उलट एखाद्या संध्याकाळी मामाजी नुसतं वेळ सांगून गेले असते तर त्या घरात चूल पेटली नसती.

अशा माणसाचा घसा बसला. पहिले काही महिने त्यांनी हवेला दोष दिला, मग फवारणीला, मग मला. शेवटी बायकोने त्यांना वर्ध्याला डॉक्टरांकडे नेलं. स्वरतंतूंवर गाठी निघाल्या. ऑपरेशन करावं लागेल, त्यानंतर काही आठवडे एक अक्षर बोलायचं नाही, आणि ओरडायचं तर पुन्हा कधीच नाही. ओरडलात तर आवाज कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. यावर मामाजी डॉक्टरांवर इतके ओरडले की बाहेर बसलेल्या पेशंटांनासुद्धा निदान पटलं.

सिंदी मेघेतल्या आमच्या घरात बसून मी मोबाईलची ॲप बनवतो. घरी येताच बायको कडाडली, "दिवसभर दुनियेचे ॲप बनवून राह्यला, माझ्या मामासाठी एक बनवता नाई येत तुले?" मामाजींच्या रागाचा काही भाग भाचीकडे आलेला आहे, म्हणून मी लगेच कामाला लागलो. ॲप सोपं होतं: मामाजींनी टेम्पोची वेळ लिहायची, बटण दाबायचं, आणि गटातल्या प्रत्येकाच्या फोनवर टण्‌कन नोटिफिकेशन वाजायचं. बहुतेकांकडे अँड्रॉइड फोन, दोघातिघांकडे मुलांनी पुण्याहून पाठवलेले जुने आयफोन. एकदाच लिहून दोन्हीकडे चालेल असं ॲप करता येतं. नोटिफिकेशनच्या बाबतीत मात्र हे दोन फोन दोन सवतींसारखे वागतात. एकीची समजूत घालावी तर दुसरी रुसते. शिवाय दोघींचीही अट अशी, की फोनच्या मालकाने आधी होकार दिल्याशिवाय काही वाजणार नाही.

ही अट मी मामाजींना सांगितली ती माझी चूक. "कशाची परवानगी?"

"नोटिफिकेशन पाठवू का, असं फोन आधी विचारतो."

"हाक माराले परवानगी?" ते खाटेवरून उठलेच. "मी आता शांताबाईच्या फाटकावर उभं राहून इचारू का, बाई, बोंबलू काय म्हणून? आपल्या माणसाले हाक माराले कोण इचारते जवाईबापू? तुमचा तो फोनवाला आहे कुठं? आणा त्याले हितं."

फोनवाल्याला आणणं शक्य नव्हतं. मी ॲप पूर्ण केलं, गटातल्या सगळ्यांना पाठवलं, आणि तिथून पुढचे कित्येक आठवडे माझी झोप उडाली. माझ्या टेबलावरचे दोन्ही फोन वाजत होते. गावात एकही वाजत नव्हता. मी सर्व्हर तपासला, त्याच्या सांकेतिक चाव्या बदलल्या, आयफोनचं प्रमाणपत्र नव्याने काढलं, बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगला शिव्या दिल्या. ऑपरेशनची तारीख जवळ येत होती आणि मामाजी रोज संध्याकाळी फाटलेल्या आवाजात फाटकं घेत होते. बायको माझ्याकडे असं बघायची की गाठी जणू मीच लावून दिल्या आहेत. शेवटी मी तडक गावी गेलो आणि शांताबाईंचा फोन हातात घेतला. नोटिफिकेशनला "अनुमती देऊ नका". शेजारच्यांचा पाहिला. देऊ नका. तिसरा, चौथा, सगळे तेच!

"अहो, पण सगळ्यांनी नकार का दिला?" मी जवळजवळ किंचाळलो.

"भाऊनंच तं सांगतलं," शांताबाई शांतपणे म्हणाल्या. मामाजींना सारं गाव भाऊ म्हणतं. "गावात एकाले फोनवर फसवलं ना, तवापासून त्याईनं सबन्याईले बसवून शिकवलं. मोबाईलनं काई बी इचारलं का नाई म्हणाचं. इचारच करायचा नाई."

मला त्या क्षणी मामाजींचा गळा धरावासा वाटला, पण तो आधीच आजारी होता. मी त्यांना जाब विचारला तर ते उलट खूश झाले. "पाहा, कसे शिकवले! एकानंही गफलत नाई केली!" मग ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्या मोटारसायकलवरून घरोघर हिंडलो. मी सेटिंग उघडायचो आणि मामाजी उरलासुरला आवाज खर्च करून ओरडायचे, "देऊन टाक ना बे परवानगी! माह्यावर भरोसा नाई काय?" आयफोनला एकदा नाही म्हटलं की तो त्या ॲपसाठी पुन्हा विचारतच नाही, सेटिंगमध्ये खोल शिरून चालू करावं लागतं, हे कळल्यावर मामाजींना त्या फोनबद्दल घडीभर आदर वाटला. "मानी हाये लेकाचा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

ऑपरेशन नीट झालं. मामाजी घरी आले, अंगणात खाटेवर गळपट्टा गुंडाळून बसले, आणि पहिलं नोटिफिकेशन पाठवायचा मान माझ्याकडे आला. मी लिहिलं: "सर्व सभासदांस कळविण्यात येते की, उद्या वाहन सकाळी सहा वाजता येईल. कृपया माल तयार ठेवावा." खाली मामाजींचं नाव. बटण दाबलं. शेजारच्या घरात टण्‌कन वाजलं, त्याच्या पलीकडे वाजलं, आणि माझा ऊर भरून आला.

थोड्याच वेळात फाटकात शांताबाई. चेहरा उतरलेला. त्यांच्यामागे पलीकडचे, मग वरच्या आळीतले, मग बाकीचे. बघता बघता अंगण भरलं.

"काय झालं भाऊले?" शांताबाईंचा आवाज कापत होता. "कृपया म्हणून राह्यले! आमचं काय चुकलं?"

"राग आला असन तं शिव्या द्या ना," मागून एक म्हातारे म्हणाले. "असं परक्यावाणी काऊन बोलता?"

मामाजींचा चेहरा लाल झाला. मानेच्या शिरा फुगल्या, हात हवेत गेला आणि तोंड उघडलं. एक आरोळी, आणि सगळं संपलं असतं. मामीने धावत येऊन त्यांच्या तोंडावर हात दाबला. मी काही न सुचून त्यांचाच फोन त्यांच्या हातात कोंबला. एका बोटाने ते कितीतरी वेळ टाईप करत राहिले, अक्षरागणिक मला डोळ्यांनी भाजत. मग अंगणातले सगळे फोन एकदम वाजले.

"घरी जा ना बे गाढवहो. भेंडी कोण तोडन, तुमचा बाप?"

आधी शांताबाई हसल्या, मग सगळं अंगण. "बरा हाये भाऊ," म्हणत त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मंडळी निवांतपणे घरी गेली. फोन माझाही वाजला होता. गाढवांतून जावयाला वगळायची सोय मी ॲपमध्ये केलीच नव्हती.

आवाज वाचला. डॉक्टर खूश आहेत, बायको खूश आहे, गाव वेळेवर भेंडी तोडतं. पण जो परत आला तो बारीक, जपून वापरायचा आवाज आहे. पाव्हण्यासारखा त्या घरात वावरतो. शिव्या आता फोनवरच येतात. संध्याकाळी मोटारसायकल उभीच असते आणि फाटकं गप्प असतात. मला याचा राग येतो. डॉक्टरांचा येतो, माझ्या ॲपचा तर फारच येतो. परवा जेवताना मी मुद्दाम म्हणालो, "मामाजी, तुमच्या वांग्यांपेक्षा बाजारातली बरी असतात." मामीचा हात वाढता वाढता थांबला. मामाजींनी घास ताटात ठेवला, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या बारीक आवाजात म्हणाले, "असतील बापा, जवाईबापू." मला इतका संताप आला की मी ताट बाजूला सारलं. हात धुवायला म्हणून उठलो आणि बराच वेळ नळापाशी तसाच उभा राहिलो.